जंतू तिसऱ्या सेमिस्टरला, प्रतिकारशक्ती सहाव्याला : फार्मसीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिक्षण समितीतील मान्यवर, तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातल्या फार्मसी कॉलेजांचे प्राचार्य आणि सहकारी शिक्षक यांस,

स. न. वि. वि.

तिसऱ्या सेमिस्टरच्या वर्गात ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, शिकवत होते. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीजाणू सगळ्यात चिवट, तेही यात मरतात, म्हणून ऑटोक्लेव्ह नीट चाललाय की नाही हे त्यांच्यावरूनच ठरवायचं, एवढं सांगून फळा पुसायला वळले. मागच्या बाकावरून जांबोटीकडचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळे जंतू मेले म्हणता, मग सलाईन लावल्यावर आमच्या आज्जीला हुडहुडी का भरली? सलाईन काढलं तेव्हा कुठं ताप उतरला बघा."

त्याच्या आज्जीला त्या दिवशी नेमकं काय झालं हे मला सांगता येणार नाही. पण प्रश्न अगदी बरोबर जागी लागलेला होता. बाटलीतलं पाणी निर्जंतुक असूनही ताप आणू शकतं. फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधिकेने १९२३च्या सुमारास याचा छडा लावला. इंजेक्शननंतर येणारा हा ताप ऊर्ध्वपातित पाण्यातून येतो, आणि त्या पाण्यात जिवंत जंतू नसले तरी मेलेल्या जंतूंचे अवशेष राहतात, हे तिने दाखवून दिलं. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलीसॅकराइड असतं, त्यालाच आपण एंडोटॉक्सिन म्हणतो. ऑटोक्लेव्ह जिवाणूला मारतो, पण त्याचं हे कातडं तसंच राहतं. काचेच्या बाटलीवरून ते काढायचं तर २५० अंशाला अर्धा तास कोरडी उष्णता लागते. आणि ते रक्तात गेलं की ताप जंतू आणत नाही, शरीर आणतं. आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा एक पहारेकरी असतो. तो या कातड्याला ओळखतो, पेशी इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ सोडतात, त्यांचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचतो आणि माणूस गोधडीत कुडकुडायला लागतो. हा पहारेकरी शोधणाऱ्या ब्रूस ब्यूटलर यांना २०११च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

हे सगळं मला येत होतं. तरी त्या मुलाला मी म्हटलं, "हे तुम्हाला पुढं येणार आहे." तास संपत आला होता, युनिट पुरं करायचं होतं. बाईंच्या तोंडून हे वाक्य ऐकल्यावर त्याने मान खाली घातली आणि वहीत १२१ अंश लिहून घेतलं. मला तो क्षण अजून टोचतो, आणि हे पत्र त्याच्यामुळेच लिहिते आहे.

"पुढं" म्हणजे कुठे, ते आपल्याच अभ्यासक्रमात पाहा. दुसऱ्या सेमिस्टरला पॅथोफिजिऑलॉजीत दाह येतो. तिसऱ्याला फार्मास्युटिकल मायक्रोबायोलॉजी, थिअरीचे ४५ तास आणि आठवड्याला चार तासांचं प्रॅक्टिकल. पाचव्याला इंडस्ट्रियल फार्मसीत इंजेक्शनं येतात, त्यांच्या तपासण्या येतात, तिथे पायरोजन, म्हणजे ताप आणणारा अंश, भेटतो. सहाव्याला बायोटेक्नॉलॉजी या विषयात एक युनिट आहे, दहा तासांचं. त्यात ह्युमोरल आणि सेल्युलर इम्युनिटी, इम्युनोग्लोब्युलिनची रचना, एमएचसी, अतिसंवेदनशीलता, लसी, टॉक्सॉइड, अँटिटॉक्सिन, लसींची साठवण, हायब्रिडोमा आणि वर रक्तापासून बनणारे पदार्थ, सगळं कोंबलेलं. आणि या विषयाला प्रॅक्टिकल नाही. त्याच सेमिस्टरला फार्माकॉलॉजीत अँटिबायोटिक आणि मेडिसिनल केमिस्ट्रीत पुन्हा अँटिबायोटिक. म्हणजे जंतूची ओळख होऊन दीड वर्ष लोटल्यावर त्याला मारणारं औषध आणि त्याच्याशी लढणारं शरीर एकदमच अंगावर येतं, तेही तीन वेगळ्या शिक्षकांकडून.

माझं म्हणणं एवढंच आहे. जंतू आणि त्याला मिळणारं शरीराचं उत्तर ही एकाच गोष्टीची दोन पात्रं आहेत. ती दोन वर्षांत, चार विषयांत विखरून शिकवली की मुलाच्या हाती दोन्ही लागत नाहीत. इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र, मायक्रोबायोलॉजीला जोडून आणा, लगतच्याच सेमिस्टरला आणा, आणि तिला हाताने करायचं प्रॅक्टिकल द्या.

प्रॅक्टिकलवर मी एवढा भर का देते, त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या कॉलेजात होते तिथे इन्क्युबेटर बंद पडलेला होता. दुरुस्तीचा अर्ज फायलीत फिरत होता. अँटिबायोटिकची कप-प्लेट परीक्षा तर जर्नलमध्ये हवीच, म्हणून मुलांनी आधीच्या बॅचच्या जर्नलवरून आकडे उतरवले. सगळ्या बॅचच्या वहीत झोन ऑफ इनहिबिशन, म्हणजे औषधाभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ, १८ मिलिमीटर. मी त्यावर सही केली. परीक्षकांनीही केली. त्यातली मुलं आज दुकानं चालवतात, कंपन्यांत गुणवत्ता तपासतात. ज्या हाताला खोटा आकडा उतरवायची सवय आम्ही लावली, त्या हाताने पुढे काय काय उतरवलं असेल याचा विचार मनात आला की झोप लागत नाही.

निर्जंतुक काम हा हाताचा संस्कार आहे, पुस्तकाचा नव्हे. १९०२ साली पंजाबातल्या मल्कोवाल गावात प्लेगची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. लस मुंबईच्या परळमधल्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून गेलेली होती. दोष त्यांच्यावर आला, त्यांना पद सोडावं लागलं. पुढे उलगडा झाला की सगळे मृत्यू एकाच बाटलीतल्या लसीचे होते. त्या बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, ते त्या वाटेने शिरले असणार. १९०७मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पहिल्या प्रॅक्टिकलला मी हीच गोष्ट सांगते आणि मगच लूप, म्हणजे जंतू उचलायची तार, हातात देते. लूप तांबडा होईपर्यंत ज्योतीत धरायचा, थंड होऊ द्यायचा, झाकण तिरकं उघडायचं, प्लेटवर बोलायचं नाही. दोन दिवसांनी ज्याच्या प्लेटवर बुरशीचा काळा ठिपका येतो तो स्वतःच सांगतो, "मॅडम, मी बोललो होतो."

आता तुम्ही म्हणाल, इम्युनॉलॉजीचं प्रॅक्टिकल म्हणजे खर्च, एलायझा रीडर, प्राणी, परवानग्या. त्यातलं काहीही न लागता काय करता येतं ते सांगते.

पहिल्या वर्षी मुलं स्वतःचा रक्तगट तपासतात. निळी बाटली अँटी-ए, पिवळी अँटी-बी, रंग नसलेली अँटी-डी. काचपट्टीवर गुठळ्या दिसल्या की वहीत गट लिहायचा, झालं. त्या बाटलीत अँटिबॉडी असते, दिसली ती अँटिजेन-अँटिबॉडीची भेट होती, आणि आज मिळणाऱ्या त्या बहुतेक बाटल्या हायब्रिडोमातून, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या जोडपेशींतून, आलेल्या असतात, हे त्यांना सहाव्या सेमिस्टरपर्यंत कोणी सांगत नाही. हायब्रिडोमाची आकृती मात्र तेव्हा पाठ करून येते, कोलर आणि मिल्स्टाइन, १९७५.

दुसरी वस्तू मेडिकलच्या काउंटरवर रोज विकली जाते, प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी. तिच्यात सोन्याच्या सूक्ष्म कणांना चिकटवलेली अँटिबॉडी असते, म्हणून रेघ गुलाबी उमटते. एक रेघ एचसीजीला, म्हणजे गरोदरपणातल्या संप्रेरकाला, पकडते, दुसरी फक्त पट्टी चांगली आहे याची साक्ष देते. एचसीजीचं इंजेक्शन पातळ करत करत पाच पट्ट्यांवर टाकलं की मुलांना दिसतं की रेघ हळूहळू पुसट होत जाते. आणि फारच घट्ट द्रावण टाकलं तर तिथेही ती पुसट होते. का? कारण अँटिजेन इतकं झालं की जोडी जमायलाच जागा उरली नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातला हुक इफेक्ट वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यांदा मी हे प्रॅक्टिकल घेतलं तेव्हा मुली लाजल्या, मुलं खाली बघायला लागली. दुसऱ्या तासाला सगळे रेघ मोजत होते. उद्या काउंटरवर एखादी घाबरलेली सून "ही दुसरी रेघ लई फिकी आलीय, मग काय समजायचं?" म्हणून विचारेल, तेव्हा तिला उत्तर देणारं माणूस असं तयार होतं.

तिसरं प्रॅक्टिकल तर फुकटातलं. धनुर्वात, डीपीटी, हिपॅटायटिस-बी या लसी ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेल्या असतात. त्या गोठल्या की कायमच्या वाया जातात, परत वितळल्या तरी. हे ओळखण्याची रीत म्हणजे शेक टेस्ट. शंका असलेली कुपी, आणि तिच्याच बॅचची मुद्दाम गोठवून वितळवलेली दुसरी, दोन्ही एकत्र हलवून ठेवायच्या. गोठलेल्या लसीचा साका भराभर खाली बसतो. कॉलेजात लस कुठून आणायची? मी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं अँटासिड जेल वापरते. अर्धं फ्रीजरमध्ये, अर्धं टेबलावर. दुसऱ्या दिवशी दोन्ही हलवून ठेवलं की पाच मिनिटांत फरक दिसतो. आमच्याकडच्या एका दुकानात मी स्वतः धनुर्वाताच्या कुप्या बर्फाच्या ट्रेला टेकून ठेवलेल्या पाहिल्या आहेत. दुकानदार सज्जन माणूस. थंड म्हणजे चांगलं, जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, असंच त्याला वाटत होतं. दोन ते आठ अंश हा आकडा त्याने परीक्षेत नक्की लिहिला असेल. खालच्या मर्यादेचं कारण त्याला कोणी हातात दिलं नाही.

आता आमच्या भागाविषयी थोडं, कारण पुस्तकातली उदाहरणं लंडन-पॅरिसची आणि मुलं कडोली-येळ्ळूरची, हे अंतर शिक्षकाने भरून काढायचं असतं.

टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो बेळगावच्या सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी तिथे लोक फिरायला जातात, झाडांच्या सावलीत पोरं खेळतात. पण त्या नावातला व्हॅक्सिन हा शब्द कुठून आला, असं मी दर वर्षी विचारते आणि दर वर्षी वर्ग गप्प असतो. तिथे देवीची लस बनायची. वासराच्या कातडीवर देवीच्या लसीचा विषाणू वाढवायचा, तिथली लस खरवडून गोळा करायची. पुढे देवी निर्मूलनाच्या मोहिमेत देशात फ्रीझ-ड्राइड लस बनवणाऱ्या मोजक्या संस्थांत बेळगावची संस्था होती. १९७५नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही, १९८० साली जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं. आपल्या आज्या-आजोबांच्या दंडावर जो वण असतो तो मुलांना घरी जाऊन पाहायला सांगते. आणि लस कोरडी का केली असेल, उन्हातान्हात गावोगाव न्यायची तर ओली लस का टिकली नसती, याचं उत्तर त्यांनी स्वतः काढायचं. फ्रीझ ड्रायिंग पाचव्या सेमिस्टरला शिकण्याच्या कितीतरी आधी त्यांना ते कळलेलं असतं.

२०२२मध्ये लम्पी आला तेव्हा इथल्या कितीतरी घरांत जनावरं आजारी पडली. बैल दारात बसून होते, दुधाचं घर बंद पडलं होतं. तेव्हा गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. चिक्कोडीकडच्या एका मुलीने विचारलं, "शेळीची लस गायीला कशी चालली?" मी तिला विचारलं, गायीच्या देवीने माणसाची देवी कशी थोपवली? जेन्नर, १७९६. दोन्ही विषाणू एका घराण्यातले, चेहरेपट्टी सारखी, म्हणून एकाला ओळखायला शिकलेली पेशी दुसऱ्यालाही ओळखते. क्रॉस-प्रोटेक्शन हा शब्द नंतर सांगितला. त्या मुलीने परीक्षेत ते उत्तर आपल्या गोठ्यावरून लिहिलं. ते वाचताना मला फार समाधान वाटलं.

निपाणीची मुलं असली की विषाणूचा पाठ तंबाखूपासून. पानावर पिवळे-हिरवे ठिपके पडणारा रोग त्यांच्या घरच्यांनी पाहिलेला असतो. १८९२ साली इव्हानोव्स्की यांनी अशाच रोगट पानाचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला, तरी तो रस निरोगी पानाला रोग लावत होता. १८९८मध्ये बायरिंक यांनी त्याला जिवाणूहून वेगळं काहीतरी मानलं. मग प्रश्न असा : आपण उष्णता न सोसणारी इंजेक्शनं ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक करतो, त्यातून काय अडतं आणि काय निसटतं? तंबाखूच्या पानापासून थेट इंजेक्शनच्या कारखान्यापर्यंत मुलं एका तासात पोचतात. ग्राम स्टेनिंगला घरचं दही चालतं. त्यात जांभळ्या लांबट काड्या आणि गोल कणांच्या माळा छान दिसतात. पाण्याच्या तपासणीला कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाचं पाणी आणि खालच्या गावाजवळचं पाणी मुलं बाटलीत भरून आणतात. दूध दुसऱ्या दिवशी नासतं आणि कुंदा आठवडाभर टिकतो, यावर तर बेळगावच्या मुलांना प्रिझर्वेशनचं अख्खं युनिट शिकवता येतं. साखर पाणी बांधून ठेवते, जंतूला प्यायला उरत नाही.

आता काउंटरकडे येते, कारण यातली बहुसंख्य मुलं शेवटी तिथेच उभी राहणार आहेत.

खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-चोर्ला भागात दवाखाना लांब आणि मेडिकल जवळ. कुत्रं चावलं की जखमेत तिखट, हळद, चुना भरून माणूस आधी मेडिकलमध्ये येतो. त्याला पहिली गोष्ट सांगायची ती साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. मग सरकारी दवाखाना. तिथे त्याला लस देतात आणि जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार अँटिबॉडीही, देतात. हे बाहेर ऐकून आलेला माणूस विचारतो, "दोन दोन इंजेक्शनं कशाला, एकाने भागत नाही?" याचं उत्तर ज्याला येत नाही त्याचं ॲक्टिव्ह-पॅसिव्ह इम्युनिटीचं पाठांतर काय कामाचं? मी वर्गात असं सांगते. घरात पीठ संपलंय आणि पाहुणे दारात उभे आहेत. शेजारणीकडून उसनं पीठ आणलं की आजची भाकरी होते, ते इम्युनोग्लोब्युलिन. शेतात जोंधळा पेरला की पुढं वर्षभर पुरतो, पण पिकायला वेळ लागतो, ती लस. रेबीजची लस आपली अँटिबॉडी तयार करायला आठवडा-दोन आठवडे घेते. तेवढ्या दिवसांची भाकरी उसन्या पिठाची. ही उपमा ज्या मुलाला पटली तो काउंटरवर तीच वापरेल आणि समोरचा मावशी-काका दुसरं इंजेक्शन चुकवणार नाही. पॅसिव्ह इम्युनिटीची व्याख्या पाठ असलेला मुलगा "डॉक्टरांनी सांगितलंय ना, घ्या" एवढंच म्हणेल.

तसंच अँटिबायोटिकचं. "दादा, पावरची गोळी द्या, दोनच दिवसांची, सर्दी मोडत न्हाई." दोन दिवसांच्या गोळ्या पट्टीतून कापून देणारा हात आपण शिकवलेला असतो. शेड्यूल एच-१ ही औषधांची कायदेशीर यादी मार्च २०१४पासून लागू आहे. त्यातली औषधं विकताना डॉक्टरचं, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण रजिस्टरला लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. २०१८च्या अधिसूचनेनंतर क्षयाची औषधं विकणाऱ्या दुकानदारावरही रुग्णाची नोंद कळवायची जबाबदारी आली. कायदा मुलांना फोरेन्सिकमध्ये, म्हणजे औषध कायद्यांच्या विषयात, शिकवला जातो. पण सर्दीच्या विषाणूला भिंतच नसते, मग भिंत फोडणारी ॲमॉक्सिसिलिन कुणावर जाणार, हे मायक्रोबायोलॉजीने शिकवायचं. आणि दोन दिवसांत ताप उतरला तो गोळीने की शरीराने, हे इम्युनॉलॉजीने. हे तिन्ही एका डोक्यात एकाच वेळी असतील तरच तो समोरच्याला गोडीत, हिंमतीने नाही म्हणू शकतो.

भाषेचंही बोलायलाच हवं. आमच्या वर्गात मराठी माध्यमातली मुलं असतात, कन्नड माध्यमातली असतात, काही घरी उर्दू, कोकणी बोलतात. पुस्तक आणि परीक्षा इंग्रजीत. सीमाभागाचा वाद मला इथे आणायचा नाही. वर्गात सगळी मुलं माझीच आहेत. पण एक अडचण मी वर्षानुवर्षं पाहते. अँटिबॉडी आणि अँटिबायोटिक या दोन शब्दांत मुलं गोंधळतात. एकदा एका मुलीने व्हायवात मला ठामपणे सांगितलं, "अँटिबायोटिक घेतलं की अंगात अँटिबॉडी वाढतात न्हवं मॅडम, म्हणून तर अशक्तपणा येतोय." ती मुलगी हुशार होती. तिला दोन्ही शब्द नुसते आवाज म्हणून भेटले होते. तेव्हापासून मी फळ्यावर तीन रकाने आखते. इंग्रजी शब्द, मराठीत प्रतिपिंड आणि प्रतिजैविक, कन्नडमध्ये प्रतिकाय आणि प्रतिजीवक. पिंड म्हणजे देह, काय म्हणजेही देह, मग ते देहाने बनवलेलं. जैव म्हणजे जिवाचं, ते जिवाविरुद्ध, आणि पेनिसिलिनसारखी पहिली नावाजलेली औषधं एका जंतूने दुसऱ्याविरुद्ध बनवलेली. शब्दाची फोड झाली की गोंधळ बहुतेक मिटतो. कन्नड मुलांना मराठी शब्द आवडतो आणि मराठी मुलांना कन्नड, कारण दोन्ही संस्कृताच्या एकाच खाणीतले.

म्हणून सहकाऱ्यांना विनंती की शिकवताना मराठी-कन्नड वापरल्याचा संकोच बाळगू नका. कौन्सिलला विनंती की निदान प्रॅक्टिकलच्या व्हायवात विद्यार्थ्याला मातृभाषेत कारण सांगायची मुभा लेखी स्वरूपात द्या. आज ती परीक्षकाच्या मर्जीवर आहे. ज्या मुलाला उद्या काउंटरवर मराठीत आणि कन्नडमध्येच समजावून सांगायचंय, त्याची परीक्षा त्या भाषेत का होऊ नये?

प्राचार्य मंडळींना एक मागणं आहे. मायक्रोबायोलॉजीची लॅब तपासणीच्या आदल्या आठवड्यात झळकते, हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. उपकरणाला पैसे मिळतात, आगर, पेप्टोन, प्लेटा, अँटिसेरा यांना दर वर्षी मागून मागून थकायला होतं. या विषयात एकदा घेतलेली वस्तू दहा वर्षं पुरत नाही, मीडिया दर आठवड्याला लागतो. वर्षाच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम शिक्षकाच्या हाती द्या, हिशेब चोख मागा. आणि वीज गेल्यावर इन्क्युबेटर बंद पडू नये एवढी सोय करा. खानापुराकडच्या कॉलेजांना ही अडचण पावसाळ्यात दर आठवड्याला येते.

कौन्सिलच्या सदस्यांना मी पुन्हा सांगते. नवा विषय नको, तास वाढवायला नकोत. सहाव्या सेमिस्टरचे ते दहा तास उचलून मायक्रोबायोलॉजीच्या शेजारी आणून ठेवा. प्रॅक्टिकलच्या यादीत वर सांगितलेल्या तीन-चार गोष्टी घाला, त्यांना कुठलंही नवं यंत्र लागत नाही. ॲलर्जीचा पेशंट, पेनिसिलिनचा टेस्ट डोस, लसीची साठवण, कुत्र्याचा चावा, अर्धवट सोडलेला कोर्स या पाच प्रसंगांवर परीक्षेत निदान एक तरी प्रश्न असू द्या. दीर्घोत्तरी प्रश्नात आजवर 'इम्युनोग्लोब्युलिनची रचना आकृतीसह' एवढंच येत आलंय. रचना हवीच. पण ॲलर्जीची अँटिबॉडी असलेला आयजीई सुटला की समोरच्या माणसाचं काय होतं, त्याचा श्वास अडकला तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं, हेही लिहिता आलं पाहिजे.

जांबोटीच्या त्या मुलाला मी शनिवारी बोलावलं आणि फळ्यावर पहिल्यापासून सगळं काढलं. जिवाणूचं आवरण, पहारेकरी, निरोप, गोधडी. तो म्हणाला, "म्हणजे सलाईनवाल्यानं बाटली २५० अंशाला भाजायला पायजे होती." मी म्हटलं, बाटली रिकामी असताना. आणि पाणी तर आधीच एंडोटॉक्सिन नसलेलं घ्यायला हवं. त्याने ते लिहून घेतलं आणि विचारलं, "मग तपासायचं कसं? ताप आल्यावर?" मी त्याला सशाच्या चाचणीबद्दल सांगितलं, आणि हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या निळ्या रक्तातून निघणाऱ्या लायसेटबद्दल, ते एंडोटॉक्सिनला लागताच गोठतं. तो दुपारी अडीचच्या जांबोटी गाडीने घरी गेला. सोमवारी येताना आज्जीच्या सलाईनची रिकामी बाटली घेऊन आला, लेबल वाचायला.

आपली,
बेळगाव भागातल्या एका फार्मसी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी शिक्षिका